टबाच्या तळाशी कडप्पा

कारखान्याच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक हिरवा फळा आहे, शाळेत असतो तसाच. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं आहे : कटकट. पहिल्या दिवशी ते वाचून मी दारातच थबकले. मला वाटलं, जे कटकट करतात त्यांची नावं इथे लिहीत असतील. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून फळ्याची आणि माझी गाठ पडली नव्हती, आणि शेवटच्या फळ्यावर माझं नाव होतं ते गैरहजर मुलींच्या यादीत.

आमची कंपनी काही मोठी नाही. नगरच्या एमआयडीसीत मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड, तीसेक माणसं, त्यात बाया जास्त. शेतकरी पाठीला अडकवून फवारणी करतात ते पंप आम्ही बनवतो. माझा नवरा जवळच्याच गोदामावर वॉचमन आहे, आम्ही नागापूरला खोली घेऊन राहतो. गाव माझं पार भंडाऱ्याकडे. तिथून इथे यायला एक आख्खा दिवस आणि वर थोडी रात्र लागते. इथली ज्वारी, इथला कोरडा वारा, आंघोळीला मोजून पाणी, सगळंच मला नवं होतं. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कुठेतरी पाणी असतंच. आणि माझ्या बोलण्यात वाक्यावाक्याला 'जी' येतं, त्यावरून पहिल्याच आठवड्यात माझं नावच 'जी' पडलं. पाथर्डीकडची एक ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी आले की ती ओरडायची, "आल्या का जी? बसा जी! आज पानी पाजता का जी?"

मीपण हसायची. पण हसताना आत धाकधूक असायची की आपली टिंगल करता करता कुणाच्या तरी लक्षात येईल, हिला काही येत नाही.

धाकधूक उगाच नव्हती. याआधी महिनाभर मी शिर्डीत एका लॉजवर चादरी धुवायला होते. तिथे मोठ्या पलंगाच्या आणि लहान पलंगाच्या चादरी सारख्याच घड्या घालून एकत्र रचायचे, आणि मग हवी ती सापडेना. मी आपली मोठ्या चादरींची घडी घालायची सोडून गुंडाळी करायला लागले. लांबून कळावं म्हणून. तिसऱ्या दिवशी तिथल्या सुपरवायझरने ते पाहिलं. "तुला डोकं चालवायला ठेवलंय का गं?" एवढंच म्हणाला. महिना संपल्यावर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. हात चालवायचे.

इथे सहा महिने बघून मग कायम करतात. ते सहा महिने कुठल्याही चुकीशिवाय काढायचे, एवढंच मला हवं होतं. कायम झाले तर आम्ही नगरात टिकणार होतो. नाहीतर एकट्याच्या पगारात खोली भागत नव्हती, मला गावी परत जावं लागणार होतं आणि नवरा इथे राहणार होता.

कटकट-फळ्याचा खरा अर्थ मला पहिल्याच शनिवारी कळला. कामात जे खुपतं, अडतं, वैताग आणतं, ते कुणीही फळ्यावर लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आमचे चाचा लिहून देतात. चाचा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, नगरच्या मुकुंदनगरचे, पांढरी दाढी आणि खिशात कायम चार बॉलपेनं. शनिवारी चार वाजता मशिनी बंद होतात, चहा येतो आणि फळ्यावरचं एकेक वाचलं जातं. पण त्याला एक नियम आहे, आणि तो फळ्याच्या खालच्या पट्टीवर लिहिलेला आहे : जो लिहील, तो आधी तिथे बसेल.

म्हणजे तुम्ही लिहिलंत की पॅकिंगवाल्या बाया खोकी हळू भरतात, तर आधी एक दिवस तुम्ही पॅकिंगला बसायचं आणि पॅकिंगची बाई तुमच्या जागेवर. मगच शनिवारी तोंड उघडायचं. हा नियम मॅडमनी आणला. मॅडम म्हणजे आमच्या मालकीण. आधी त्यांचे सासरे कारखाना बघायचे, ते गेल्यावर दोन वर्षांपूर्वी या आल्या. मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पॅकिंगच्या जागेवर दिवसभर खाली मांडी घालून बसलेलं पाहिलं आहे. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'दोऱ्या फार वाया जातात.' संध्याकाळी त्यांची बोटं सुतळीने सोलून निघाली होती. शनिवारी त्या उठल्या, फळ्याजवळ गेल्या आणि आपलं वाक्य स्वतःच पुसून आल्या. कोणी हसलं नाही. मी चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिले. मालकीण चुकलेलं पुसते, असं काही जगात असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि तरीही, एवढं सगळं डोळ्यांदेखत पाहूनही, मी लपवलं.

माझं काम चाचणीचं होतं. पंपाच्या नळीला शेवटी हातात धरायचा एक खटका असतो. तो दाबला की फवारा उडतो, सोडला की बंद. त्याच्या आत रबराचं वायसर असतं. ते नीट बसलं नाही तर खटक्यातून औषध झिरपतं आणि धरणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. ते औषध म्हणजे विषच. म्हणून प्रत्येक खटक्याला हवेचा पाईप लावायचा, पाण्याच्या टबात बुडवायचा, दहा अंक मोजायचे आणि बुडबुडे येतात का बघायचं. माझ्या आधी हे काम चाचा करायचे. त्यांच्या गुडघ्यांना बसवेना म्हणून ते दुसरीकडे गेले आणि जागा मला मिळाली.

टब होता पांढरा. वर पत्र्यात उजेडासाठी बसवलेलं प्लास्टिक. दुपारी बारानंतर त्यातून ऊन थेट टबात पडायचं आणि सगळं पाणी दुधासारखं चमकायचं. मोठा बुडबुडा दिसायचा. बारीक असेल तर पांढऱ्यावर पांढरं, काय दिसणार?

आमच्या गावी शेतांच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. माझे बाबा त्यात मासे धरायचे आणि मला काठावर बसवून सांगायचे, "पाण्याकडे नोको पाहू, तळाच्या चिखलाकडे पाह्य." चिखल काळा असतो. त्याच्यावर माशाचा श्वास चांदीच्या टाचणीसारखा वर येताना दिसतो. चिखलातून सुटलेले बुडबुडे एकदम घोळक्याने येतात आणि थांबतात. माशाचे एकामागे एक येतात, सरळ रांगेत. शाळेपेक्षा मी त्या काठावर जास्त बसले असेन.

तर कारखान्याच्या मागे कुणाच्या तरी ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा एक तुकडा पडला होता. काळाभोर, पोळपाटाएवढा. मी तो धुतला आणि टबाच्या तळाशी ठेवला.

मला अजून तो पहिला खटका आठवतो. बुडवला, आणि काळ्यावर एक बारीक रांग वर आली. मोहरीपेक्षाही लहान दाणे, एकामागे एक. आदल्या दिवशी असाच खटका मी पास केला असता. नगरच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली, मला माझी बोडी दिसत होती.

संध्याकाळी मी तो तुकडा पुसून डब्याच्या पिशवीत टाकला. रोज टाकायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टबात ठेवायची आणि पाण्यावर हात फिरवत बसायची, कोणी डोकावलं तर दिसू नये म्हणून. पिशवी जड व्हायची. नवरा एकदा म्हणाला, "डब्यात दगड आणते का?" मी हो म्हणाले, तो हसला आणि विषय संपला.

पण माझ्याकडून खटके परत जायला लागले. पूर्वी दिवसाला दोनचार जायचे, आता क्रेटच्या क्रेट भरायला लागले. ते परत जायचे ताईकडे, कारण वायसर बसवायचं काम तिचं. उघडा, वायसर काढा, नवं घाला, पुन्हा पाठवा. तिची चिडचिड मला दिसत होती. 'पानी पाजता का जी' बंद झालं. मग एका गुरुवारी सकाळी फळ्यावर तिच्या ठळक अक्षरात उमटलं : 'चाचणीतून चांगला माल बी परत येतो. नवी बाई आल्यापासून.'

माझ्या सहा महिन्यांतले तीन आठवडे उरले होते.

नियमाप्रमाणे शनिवारी ताई माझ्या टेबलावर बसणार आणि मी तिच्या. शुक्रवारची संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. तुकडा टबात ठेवला तर सगळ्यांना कळणार की मी न विचारता काहीतरी केलं. नाही ठेवला तर ताईला गळती दिसणारच नाही, आणि मी चांगला माल खोटा ठरवते हे सिद्ध होणार. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणाला असता, सांगून टाक. त्याला कुणी अजून चादरींवरून काढलं नव्हतं.

शनिवारी मी कडप्पा पिशवीतच ठेवला.

ताई बसली. तिचे हात चपळ, उसाच्या फडावर लहानपणापासून मोळ्या बांधलेले. दहा अंक मोजून एकेक खटका पास करत गेली. मी तिच्या जागेवर वायसर बसवायचा प्रयत्न करत होते आणि ते काही केल्या बसत नव्हतं. खाच इतकी आत की बोट पोचत नाही. दुपारपर्यंत माझी दोन नखं तुटली. ही बाई दिवसाला एवढे कसे बसवते, याचंच मला नवल वाटत राहिलं. तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज आला, "चाचा, बघा! आख्खं क्रेट, एकबी न्हाई परत!"

साडेतीनला टेम्पो लागला. आठवड्याचा माल शनिवारीच जातो. पॅकिंगच्या बायांनी भराभर खोकी बांधली. ताईने पास केलेले खटकेही त्यात होते. मी बसल्या जागेवरून बघत होते. एकेक खोकं टेम्पोत चढत होतं आणि मला डोळ्यांपुढे फक्त एक मनगट दिसत होतं. कुणाचं ते ठाऊक नाही. त्याच्यावरून ओघळ कोपराकडे चाललेला.

चार वाजले. मशिनी थांबल्या, चहा आला. मॅडम फळ्याजवळ उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "मी बसले मॅडम. सकाळधरून तीन खटकं परत गेलं, बस. माझं काम चांगलं हाय. ती घाबरून परत पाठवती, मला तिचा राग न्हाई, पण मला दुप्पट काम पडतंय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

बाहेर टेम्पो सुरू झाला. त्या आवाजाने माझं तोंड उघडलं, नाहीतर उघडलं नसतं.

"टेम्पो थांबवा जी," मी म्हणाले. "गळते खटके आहेत त्यात."

मॅडमनी काही न विचारता दाराकडे हात केला. टेम्पो बंद झाला. मी पिशवी आणली, डबा बाजूला काढला आणि कडप्पा बाहेर काढला. कुणीतरी हसलंच. "जी, दगड खाता का?" मी तो टबाच्या तळाशी ठेवला, टेम्पोतून उतरवलेल्या खोक्यातला एक खटका काढून पाईप लावला, बुडवला. सात, आठ, नऊ. रांग आली. काळ्यावर चांदीची टाचणी.

"हे काय?" मॅडम.

"मी ठेवते जी. रोज. संध्याकाळी काढून नेते." मी टबावरून नजर काढली नाही. "आज ठेवला नाही. भीती वाटली. चुकलं माझं."

चाचा टबावर वाकले. आणखी एक खटका बुडवला, मग आणखी एक. मग ते हळू म्हणाले, "म्हणजे माझ्या वेळेला..." इतकी वर्षं त्या पांढऱ्या टबात त्यांनी डोळे घातले होते. मला वाटलं, आता हे माझ्यावर रागावणार. ते टबात बघतच राहिले, आणि म्हणाले, "सुबहानल्ला. काय दिसतंय बेटा! किती बारीक दिसतंय!"

मग त्यांनी तो गळका खटका उघडला, वायसर काढलं आणि दोन बोटांनी ताणून उजेडात धरलं. रबरावर नखाने ओरखडल्यासारखी एक रेघ होती. दुसऱ्यावरही तिथेच, तिसऱ्यावरही.

ताईचा चेहरा उतरला. ती गप्प बसली असती तर कुणालाही कधी कळलं नसतं, हे मला आजही वाटतं. तिने कमरेला हात घातला, ओच्यातून सायकलच्या चाकाची एक तार काढली, टोकाशी वाकवलेली, आणि टेबलावर ठेवली.

"ह्यानं बसवते," ती म्हणाली. "बोटानं बसतंच न्हाई ते. हिलाच इचारा, आज नखं गेली तिची. ह्यानं टचकन बसतं. दिवाळीपासनं हाय माझ्याकडं."

"मग सांगितलं का नाही?" मॅडम.

"असली तार ड्रॉइंगमधी न्हाई, असं म्हणलं असतं तुमी, तर?"

तारेचं टोक धारदार होतं. तेच रबराला रेघ ओढत होतं. तिची तार लपलेली, माझा दगड लपलेला, आणि मधल्या मध्ये आम्ही दोघी तीन महिने एकमेकींवर चिडत होतो. मॅडमनी तार उचलली. मला वाटलं, आता फेकतील. त्यांनी एक नवा खटका घेतला, वायसर तारेवर अडकवलं आणि ताईला म्हणाल्या, "दाखवा, कसं करता." ताईने मनगटाला हिसका दिला. टच. मॅडमना पाच वेळा करूनही जमलं नाही. सहाव्यांदा जमलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या.

चाचांनी खिशातल्या एका बॉलपेनाचं टोपण काढलं, कापलं आणि तारेच्या टोकावर बसवलं. आता रबराला फक्त प्लास्टिक लागणार होतं. आणि मग, टोपण बसवता बसवता, ते जरा लाजल्यासारखे म्हणाले, "माझ्या हवेच्या पाईपच्या तोंडालाबी असलंच टोपण हाय. हाताला झटका बसत न्हाई. मोठे मालक होते तेव्हापासून लावतो. ते यायचे तेव्हा काढून खिशात टाकायचो. ते गेले तरी सवय राहिली."

त्यानंतर जे झालं ते मी सांगते, पण मला ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. पॅकिंगमधली एक बाई उठली आणि तिने पदराखालून सुतळीचा एक तुकडा काढला, त्याला ठरावीक अंतरावर गाठी. पंपाच्या पट्ट्याची लांबी ती टेपने मोजतच नव्हती, या गाठींनी मोजायची. नोझल बसवणाऱ्या दुसऱ्या बाईने बांगडीत अडकवलेली एक सेफ्टीपिन काढली. कुणी पुठ्ठ्याचा साचा काढला, कुणी टायरच्या ट्यूबची पट्टी. टेबलावर ढीग साचला. गंजलेल्या, चिकट, घामाने काळ्या पडलेल्या वस्तू. एकीला म्हणजे एकीलाही कुणी ते करायला सांगितलं नव्हतं. मी शाळेच्या बाहेर पडले तेव्हा डोकं असलेली माणसं आत राहिली असं मला वाटायचं. त्या टेबलाकडे बघत मी तिथल्याच क्रेटवर बसले.

मॅडमही बसल्या. ढिगाकडे बघत म्हणाल्या, "दोन वर्षं मी तुम्हाला कटकट विचारतेय. तुम्ही तिच्यावर काय उपाय केलाय, हे एकदाही विचारलं नाही."

ताई म्हणाली, "इचारलं असतं तरी आमी कुठं सांगितलं असतं?"

सगळे हसले. मॅडम सगळ्यांत जोरात.

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत आम्ही टेम्पोतला माल उतरवून पुन्हा तपासला. एका कडप्प्यावर, पाळीपाळीने. ज्यांनी कधी चाचणी केली नव्हती त्यांनाही बघायचं होतं. रांग आली की 'आली, आली!' असा गलका व्हायचा. मी त्यांना बाहेरून चिकटलेला बुडबुडा आणि आतून गळणारा बुडबुडा यातला फरक सांगत होते, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी शिकवते आहे. टेम्पोवाला तेवढा वैतागला होता. त्याला चाचा म्हणाले, "फळ्यावर लिही, मग एक दिवस इथं बस."

तीन आठवड्यांनी मॅडमनी मला कायम झाल्याचं पत्र दिलं. मी ते वाचायच्या आधीच रडले, त्यामुळे त्यांनीच वाचून दाखवलं. पत्रात कडप्प्याचं काही नव्हतं, फक्त पगार आणि तारीख. पण आता फळ्याच्या शेजारी एक लाकडी फळी ठोकली आहे. शनिवारी चहाच्या आधी ज्याच्याजवळ जे लपलेलं असेल ते तिच्यावर ठेवायचं, आधी ते, मग कटकट. सुरुवातीला ताईच्या तारेशिवाय कुणी काही ठेवेना. आता जागा पुरत नाही.

बाबांना फोन केला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांना पंप, खटका, वायसर काही कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग, मासोळी गवसली का तिकडं?"

"गवसली जी," मी म्हणाले.

टबात आता मापाने कापलेला नवा कडप्पा बसवलेला आहे, तळाला चिकटवून. माझा जुना तुकडा त्या फळीवर ठेवला होता. गेल्या महिन्यात मी तो परत पिशवीत टाकला. नवा फुटला तर अडायला नको. ताईने पाहिलं आणि ओरडली, "परत लपवती का जी?"

मी पिशवी उघडून तिला दाखवली.